यमुनाबाईंनी मंत्र्याला विचारलेला प्रश्न

यमुनाबाई देवस्थळींचा आवाज पिठाच्या गिरणीत घडलेला होता. सांगलीला त्यांच्या वडिलांची गिरणी होती आणि राहतं घर गिरणीच्या मागच्याच अंगाला. पट्टा फिरायला लागला की पानावर शेजारी बसलेल्यालासुद्धा ओरडूनच सांगावं लागे, की जरा मीठ सरकव. हळू बोलणारं माणूस एक तर आजारी असतं किंवा काहीतरी लपवत असतं, अशी त्या घरातल्या सगळ्यांची पक्की समजूत.

अशा मुलीचं लग्न झालं ते शशिधररावांशी. शशिधरराव भूल देणारे डॉक्टर. ज्या माणसांशी त्यांचा कामाचा संबंध यायचा ती दोन मिनिटांत झोपी जायची, त्यामुळे शुद्धीवरच्या माणसाशी फार बोलायची त्यांना सवयच राहिली नव्हती. बोलले तरी ते स्वतःच्या शर्टाच्या वरच्या बटणाशी बोलत आहेत असं वाटे. एकीनं सगळं बोलावं आणि दुसऱ्यानं ऐकावं, असा तो संसार इतका छान चालला होता की कुणाची तक्रार नव्हती.

एकाहत्तर साली दोघं इंग्लंडला आली. रीडिंग आणि मेडनहेडच्या मधे मार्लफर्ड म्हणून एक गाव, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टरांना नोकरी आणि जवळच सेमी-डिटॅच्ड घर. म्हणजे एक भिंत शेजारच्या मिस्टर हॉब्जशी सामायिक. यमुनाबाई जिन्याखालून हाक मारायच्या, "अहो, चहा झालाय!" पहिल्या वर्षी मिस्टर हॉब्ज दचकायचे. दुसऱ्या वर्षापासून ते त्या हाकेसरशी आपली स्वतःची किटली चढवू लागले.

गावात मिसळून राहायचं, पण गावच्या भानगडीत पडायचं नाही, हे शशिधररावांचं धोरण. निवडणूक आली की दोघांच्या नावाची पोलिंग कार्डं दारातून आत पडायची. कॉमनवेल्थमधल्या माणसांना इथं मत देता येतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ते कार्डं उचलायचे, नीट वाचायचे आणि टेलिफोनच्या खालच्या खणात ठेवून द्यायचे.

"आपण पाहुणे," ते बटणाला सांगायचे. "पाहुण्यानं यजमानाच्या भांडणात पडू नये."

यमुनाबाईंनाही त्याचं काही वाटायचं नाही. त्यांना घर होतं, नंदा नावाची मुलगी होती, हॉस्पिटलच्या दुकानात आठवड्यातून दोनदा रुग्णांसाठी मासिकं आणि चॉकलेटं विकायचं काम होतं, आणि दर मंगळवारी मार्केट स्क्वेअरमधला बाजार होता.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात मिस विनिफ्रेड कॉब नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाई त्यांच्याकडे आल्या. मिस कॉब गावच्या लायब्ररीतून केव्हाच रिटायर झाल्या होत्या, पण लायब्ररीला ते अजून कळलं नव्हतं. पुरुषांच्या बरोबरीनं बायकांना मताचा हक्क मिळाला त्याला त्या जुलैत साठ वर्षं होत होती. त्यानिमित्त मार्केट स्क्वेअरमध्ये जुन्या काळचे कपडे घालून एक खेळ करायचा, असं मिस कॉबच्या मनात होतं. बायकांनी मंत्र्यांच्या सभा कशा उधळल्या, पोलिसांनी त्यांना कसं उचलून नेलं, ते सगळं लोकांसमोर उभं करायचं.

"आणि त्या वेळच्या मोर्चाच्या एका फोटोत साडी नेसलेल्या हिंदुस्थानी बायका आहेत," मिस कॉब म्हणाल्या. "तुम्ही साडी नेसून मोर्चात चालाल का? बोलायचं काही नाही. नुसतं चालायचं."

यमुनाबाईंना आनंद झाला. त्यांच्याकडे जांभळी, हिरव्या काठांची साडी होती आणि पांढरं ब्लाउज होतं. मिस कॉबनं ते रंग बघितले आणि त्यांना खुर्चीत बसून राहवेना, कारण जांभळा, पांढरा आणि हिरवा हेच तर त्या लढ्याचे रंग.

मग मिस कॉबनं आपल्या आईची गोष्ट सांगितली. आई सफ्रेजेट, म्हणजे मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांतली; नाक्यावर उभी राहून ती चळवळीचं वर्तमानपत्र विकायची. फुटपाथवर उभं राहिलं तर रहदारीला अडथळा केला म्हणून पोलीस पकडायचे, म्हणून त्या सगळ्या बायका फुटपाथच्या खाली, गटाराच्या कडेला उभ्या राहून विकत. चार वर्षांची विनिफ्रेड आईचा झगा धरून तिथंच उभी असायची. लोक अंगावर काय काय फेकायचे. "आईला पहिलं मत देता आलं तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. मी मात्र एकविसाव्या वर्षीच दिलं. आई माझ्याबरोबर आली होती, नवी हॅट घालून. तुम्ही पहिल्यांदा केव्हा दिलंत?"

यमुनाबाई कपात बघायला लागल्या. "मी अजून नाही दिलं."

"म्हणजे तुमचं नाव यादीत नाही?"

"आहे. कार्ड येतं दर वेळी. ते आम्ही... ठेवून देतो."

"आय सी," मिस कॉब म्हणाल्या.

इंग्रजीत माणसाला झोडपून काढायचे अनेक प्रकार असतील, पण हसत म्हटलेल्या 'आय सी'इतका मुका मार दुसऱ्या कशानं बसत नाही, हे यमुनाबाईंना त्या दिवशी कळलं. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी वर डॉक्टरांना हाक मारली, "अहो, खाली येता का? बिस्किटं संपलीत!"

मिस कॉबच्या हातातला कप बशीवर खडखडला. भिंतीपलीकडे मिस्टर हॉब्जची किटली चढल्याचा आवाज आला. मिस कॉबनं कप खाली ठेवला. मग पुढे सरकून म्हणाल्या, "मिसेस देवस्थळी, मंत्र्याच्या सभेत उठून प्रश्न विचारायचं काम एका शाळामास्तरीणबाईंना दिलंय. त्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही. ते काम तुम्ही कराल का?"

अशा रीतीनं यमुनाबाईंना संवाद मिळाला. एकच वाक्य: "तुमचं सरकार बायकांना मताचा हक्क देणार का?" ते तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारलं की पोलीस येऊन उचलून नेणार. मंत्र्याचं काम खुद्द गावच्या मेयरनं, मिस्टर ट्रोब्रिजनं मागून घेतलं होतं, कारण त्यात उंच काळी हॅट होती आणि माईक होता. मंत्र्याला दोन उत्तरं पाठ करायची होती, पहिलं दोनदा म्हणायचं आणि दुसरं शेवटी. पहिलं: "मॅडम, खाली बसा. तुम्हाला कशाची गरज आहे हे सरकारला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं." आणि दुसरं: "घरी जा, मॅडम! बाईची जागा घरात!"

पोलीस व्हायचा होता गावचा खाटीक. त्याला ऐन जूनमध्ये हर्नियाचा त्रास सुरू झाला, ऑपरेशन झालं, आणि सर्जननं त्याला दोन महिने काहीही उचलू नका म्हणून सांगितलं. यमुनाबाईंना तर अजिबातच नको, असं तो स्वतः म्हणाला असं म्हणतात. त्या ऑपरेशनला भूल दिली होती शशिधररावांनी. मिस कॉब पोलिसाचा पोशाख घेऊनच घरी आल्या.

"हे बघा डॉक्टर, आमचा कॉन्स्टेबल तुम्ही झोपवलात. आता भरपाई करा."

नाही कसं म्हणायचं हे शशिधररावांना कधीच जमलं नव्हतं. कोटाच्या बाह्या त्यांच्या बोटांच्या खाली आल्या, हेल्मेट कपाळावर थांबेना, आणि चिकटवलेली मिशी बघून नंदा सोफ्यावर आडवी पडली. नंदा तेव्हा पंधरा वर्षांची. तिचं मराठी घरापुरतंच होतं आणि त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग हा ऐच्छिक विषय होता.

"बाबा, तू एकदम क्यूट दिसते," ती म्हणाली. "पण प्लीज, माझा फ्रेंड्सना सांगू नको."

दिवाणखान्यात तालीम सुरू झाली. यमुनाबाई उठून ओरडल्या. शशिधरराव पुढे आले आणि म्हणाले, "प्लीज, चला ना."

"अहो, पोलीस प्लीज म्हणतो का? हात धरा! घट्ट!"

शशिधररावांनी मनगट धरलं. धरलं ते धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"काय करताय?"

"नाडी जरा फास्ट आहे तुझी," ते काळजीनं म्हणाले. "मीठ कमी कर."

जूनच्या शेवटच्या मंगळवारी यमुनाबाई बाजारात गेल्या आणि मार्केट स्क्वेअरच्या कोपऱ्यातल्या टॉयलेटसमोर थबकल्या. हे टॉयलेट राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. पायऱ्या उतरून खाली जायचं, उजवीकडे बायकांचं, डावीकडे पुरुषांचं, पांढऱ्या फरशा, पितळेच्या कड्या. इंग्लंडमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात, नंदाच्या वेळी पोट पुढे आलेलं, बस चुकलेली, थंडीनं जीव कासावीस झालेला असताना याच पायऱ्यांनी त्यांची अब्रू राखली होती. त्या पायऱ्यांच्या कठड्यावर कौन्सिलची नोटीस लागली होती. खर्च परवडत नसल्यामुळे बायकांचं टॉयलेट सप्टेंबरपासून कायमचं बंद. पुरुषांचं चालू राहील.

यमुनाबाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि तशाच पिशव्या घेऊन कौन्सिलच्या कचेरीत गेल्या. खिडकीमागच्या बाईनं अगदी गोड आवाजात सांगितलं की हरकती घेण्याची मुदत संपली. तेवढ्यात मिस्टर ट्रोब्रिज जिन्यावरून खाली येत होते. ते आणखी गोड हसले. "मिसेस देवस्थळी! आमची सफ्रेजेट! त्या प्रश्नाचा आम्ही सर्व बाजूंनी विचार केलेला आहे."

"ते ठरवणाऱ्या कमिटीवर बायका किती आहेत?"

"सगळ्यांचाच विचार केलाय," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

रात्री जेवताना यमुनाबाईंचा तो पट्टा सुरू झाला. पुरुषांचं चालू आणि बायकांचं बंद, हा कुठला न्याय? आणि बाजारात असतात कोण? बायकाच ना?

"खरंय तुझं," शशिधरराव म्हणाले. "पण आपण पाहुणे."

"सतरा वर्षं झाली येऊन! सतरा वर्षं घरात राहिलेल्या पाहुण्याला आपल्याकडे काय म्हणतात माहितीये?"

"काय?"

"घरजावई! आणि घरजावयाला निदान परसाकडे जायला तरी मिळतं!"

शशिधररावांनी पुढचा घास बराच वेळ चावला.

खेळाचा दिवस उजाडला तो ढगाळ. चौकात माणसं मात्र मावेनाशी झाली होती. बँड, आइस्क्रीमची गाडी, लांब झगे घातलेल्या बायका, आणि मिस कॉब व्हीलचेअर नाकारून काठीवर उभ्या. प्रेक्षकांना लाल स्पंजचे टोमॅटो वाटले होते, शेजारी पाण्याच्या बादल्या ठेवल्या होत्या. त्या काळी लोक चळवळीतल्या बायकांवर टोमॅटो फेकत, तसे हे ओले स्पंज फेकायचे, अशी मिस कॉबची कल्पना.

स्टेज टॉयलेटच्या अगदी समोर बांधलं होतं. आणि झालं होतं असं, की स्टेजच्या घडीच्या खुर्च्या आणि वायरींची भेंडोळी ठेवायला जागा हवी म्हणून कौन्सिलच्या माणसांनी बायकांच्या टॉयलेटमध्ये सामान भरून त्याला त्या दिवशीच कुलूप ठोकलं होतं. पुरुषांचं उघडं होतं. ऐन गर्दीत बायका पायऱ्या उतरत होत्या, कुलूप बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटून वर येत होत्या. यमुनाबाई आपल्या खुर्चीवरून हे बघत बसल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या पोटात सकाळपासून धास्तीपायी प्यायलेला तीन कप चहा होता.

मिस्टर ट्रोब्रिज हॅट घालून माईकपुढे उभे राहिले आणि साम्राज्याच्या भरभराटीबद्दल बोलू लागले. यमुनाबाई उठल्या.

"तुमचं सरकार बायकांना मताचा हक्क देणार का?"

माईक मेयरसमोर होता, पण आवाज यांचा घुमला. चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, खाली बसा," मेयर ऐटीत म्हणाले. "तुम्हाला कशाची गरज आहे हे सरकारला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं."

हशा झाला. एकदोन स्पंज यमुनाबाईंच्या दिशेनं आले. आता दुसऱ्यांदा तेच विचारायचं होतं. यमुनाबाईंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्यांना दिसलं, की एक म्हातारी बाई बाजाराची ढकलगाडी कठड्याला टेकवून, एकेक पायरी धरत खाली गेली आणि कुलूप बघून तशीच खाली उभी राहिली. वर चढायचा धीर तिला होईना.

यमुनाबाईंच्या तोंडून जे बाहेर पडलं ते वेगळंच होतं.

"तुम्ही बायकांचं टॉयलेट बंद का केलंत?"

मिस्टर ट्रोब्रिजनं संवाद इतका घोकला होता की समोरच्याचं ऐकायचं काम त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. हात उंचावून ते त्याच ऐटीत म्हणाले, "मॅडम, खाली बसा! तुम्हाला कशाची गरज आहे हे सरकारला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं!"

क्षणभर चौकात आइस्क्रीमच्या गाडीची तेवढी घरघर ऐकू आली. मग मागच्या बाजूनं एका बाईचं हसणं फुटलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही, ओरडा झाला. यमुनाबाई आता थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पुरुषांचं उघडं आहे! आम्ही कुठं जायचं?"

आणि मिस्टर ट्रोब्रिज, पाठांतराच्या उतारावरून सुटलेल्या गाडीसारखे, माईकमध्ये गरजले, "घरी जा, मॅडम! बाईची जागा घरात!"

शेवटचा शब्द तोंडातून निघता निघता त्यांना उमगलं. पण तोवर पहिला ओला टोमॅटो हॅटवर बसला होता. दुसरा छातीवरच्या मेयरच्या साखळीवर. मग बादल्याच रिकाम्या व्हायला लागल्या. जे टोमॅटो यमुनाबाईंसाठी आणले होते ते सगळे मंत्र्याकडे निघाले होते, आणि फेकणाऱ्यांत मिस्टर ट्रोब्रिजची सख्खी बहीण होती, असं नंतर अनेकांनी शपथेवर सांगितलं.

"कॉन्स्टेबल!" मेयर हॅटखालून ओरडले. "या बाईंना बाहेर काढा!"

शशिधरराव गर्दीतून वाट काढत आले. एका हातानं हेल्मेट सावरत होते, मिशीचं एक टोक सुटून लोंबत होतं. त्यांनी यमुनाबाईंचं मनगट धरलं. सतरा वर्षांत नवऱ्याला न विचारता त्यांनी हा पहिलाच तमाशा केला होता, आणि तोही हजारभर लोकांसमोर. "अहो, रागावलात?" त्यांनी विचारलं. शशिधरराव मनगट धरून सरळ स्टेजवरच चढले, यमुनाबाईंना घेऊन, आणि माईकपाशी जाऊन उभे राहिले.

"सर," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच बटणापुरता होता, पण या खेपेला बटणासमोर माईक होता. "सर, मी यांना नेऊ शकत नाही. त्यांचं बरोबर आहे."

त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं.

"मी डॉक्टर आहे," कॉन्स्टेबल पुढे म्हणाला. "लघवी तुंबवून ठेवणं प्रकृतीला अतिशय वाईट. त्यानं इन्फेक्शन होतं. वयस्कर स्त्रियांना तर फारच त्रास होतो. आणि खाली एक बाई थांबल्या आहेत, तेव्हा कृपा करून आधी किल्ली द्या."

असा जल्लोष मार्लफर्डनं महायुद्ध संपल्यावरच काय तो ऐकला असेल. बंदोबस्ताला आलेला खराखुरा पोलीस पुढे झाला. शशिधररावांना वाटलं, आता आपण आत. पण त्यानं त्यांच्याकडे न बघता कौन्सिलच्या माणसाकडून किल्ली मागून घेतली, खाली जाऊन कुलूप काढलं, आणि दोन बायकांच्या मदतीनं घडीच्या खुर्च्या बाहेर काढल्या. सर्वांत पुढे ढकलगाडीवाली म्हातारी होती. दुसरा नंबर यमुनाबाईंचा लागला.

पुढच्या गुरुवारी गावच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. जांभळ्या साडीतल्या यमुनाबाई, अर्ध्या मिशीचे शशिधरराव आणि मागे भिजलेला मंत्री. नंदा शाळेत तोंड लपवत गेली आणि दुपारी मान वर करून परत आली. "आई, माझी हिस्ट्रीची टीचर म्हणाला की तू लेजंड आहे."

मराठी मंडळींत मात्र दोन तट पडले. मेडनहेडच्या अलकाताईंनी फोन केला. "अगं यमुना, पेपरात नाव आलं ते चांगलंच. पण संडासासाठी? फोटो घरी सांगलीला पाठवशील तर खाली काय लिहिशील?" हॉस्पिटलातले डॉक्टर चंद्रशेखर शशिधररावांना जिन्यात गाठून सलाम ठोकायचे आणि "काय इन्स्पेक्टरसाहेब!" म्हणायचे. पण रीडिंगच्या गणपतीला आरतीनंतर एकेक बाई यमुनाबाईंना कोपऱ्यात घेऊन आपापल्या गावातल्या टॉयलेटची हकीकत सांगू लागली, आणि त्या रांगेत शेवटी अलकाताईसुद्धा उभ्या होत्या.

कौन्सिल एवढ्यानं बधलं असतं तर ते कौन्सिल कसलं! निर्णय 'पुनर्विचाराधीन' ठेवला, म्हणजे आहे तिथंच ठेवला, आणि सप्टेंबरात बायकांच्या टॉयलेटला कुलूप लागलं ते लागलंच. मग मिस कॉब आणि यमुनाबाई दर मंगळवारी बाजाराच्या तोंडाशी पत्रकं वाटायला उभ्या राहू लागल्या. फुटपाथवर जागा होती, पण मिस कॉब हटकून खाली, गटाराच्या कडेला उभ्या राहत. आई उभी राहायची तिथंच. यमुनाबाईंनी एकदा म्हटलं, "मिस कॉब, आता कुणी पकडत नाही, वर या." मिस कॉब म्हणाल्या, "इथून लोकांच्या डोळ्यांत बघताना मान वर करावी लागते. ती सवय बरी असते." यमुनाबाईंना ते सगळं कळलं असं नाही. पण त्याही मग खाली उतरून उभ्या राहिल्या. सुट्टीच्या दिवशी शशिधरराव थर्मास घेऊन यायचे आणि दोघींमध्ये छत्री धरून उभे राहायचे. पत्रक मात्र हातात धरायचे नाहीत. पाहुण्याचा तेवढा संकोच अजून शिल्लक होता.

ऑक्टोबरात कौन्सिलनं पुनर्विचार केला. प्रेक्षकांच्या गॅलरीत यमुनाबाई, मिस कॉब आणि बाजारातल्या पंधरावीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. गॅलरीतून बोलायला बंदी होती. मिस्टर ट्रोब्रिज उठले आणि म्हणाले, बायकांच्या भावनांचा कौन्सिल आदर करतं, अन्याय कुणावरच होता कामा नये. तेव्हा संपूर्ण समानतेच्या तत्त्वाला अनुसरून आता पुरुषांचंही टॉयलेट बंद करण्यात येत आहे.

मिस कॉबनं डोळे मिटले. यमुनाबाईंना रडूच आलं. चार महिने पावसात उभं राहून मिळवलं काय, तर पुरुषांचंही घालवलं.

पण मिस्टर ट्रोब्रिजना एक गोष्ट सुचली नव्हती. बायकांना वर्षानुवर्षं सोसायची सवय होती, पुरुषांना एका शनिवारचीही नव्हती. चौकातल्या दोन पबांतली गिऱ्हाइकं, टॅक्सीवाले, मासळीवाला, बँडवाले, आणि हर्नियातून उठलेला तो खाटीक, सगळे सोमवारी सकाळी कौन्सिलच्या दारात उभे. खाटीक तर म्हणाला, हा माणसाच्या मूलभूत हक्काचा प्रश्न आहे. यमुनाबाई तिथंच होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "मग जूनपासून कुठं होतात?" खाटकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "खाली, डावीकडे."

महिन्याच्या आत दोन्ही टॉयलेट पुन्हा उघडली. फरशासुद्धा नव्या बसल्या.

पुढच्या मे महिन्यात कौंटीची निवडणूक होती. पोलिंग कार्डं दारातून आत पडली तेव्हा ती शशिधररावांनी उचलली, वाचली, आणि खण न उघडता स्वयंपाकघरात ओट्यावर आणून ठेवली. "संध्याकाळी मी लवकर येतो," एवढंच म्हणाले. शाळेच्या हॉलमध्ये दोघं शेजारशेजारच्या फळीच्या आडोशाला उभी राहिली. यमुनाबाईंनी आपल्या मते हळू विचारलं, "अहो, तुम्ही कुणाला देताय?" अख्खा हॉल वळून बघायला लागला. टेबलामागचा अधिकारी उठून आला, मॅडम, मतदान गुप्त असतं. "मग मी मराठीत विचारलं ना!" यमुनाबाई म्हणाल्या. शशिधररावांनी कागदाची घडी घातली, पेटीत टाकली, आणि कुणाला दिलं ते काही सांगितलं नाही. लग्नानंतर त्यांनी बायकोला न सांगितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

एक्क्याण्णव साली गावच्या कौन्सिलची निवडणूक आली आणि मिस कॉबच्या आग्रहामुळे यमुनाबाई अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. घरोघर हिंडल्या. लोक दार उघडून "ओ, द टॉयलेट लेडी!" म्हणायचे आणि प्रेमानं आत बोलवायचे. प्रेमानं आत बोलवणारी माणसं मतं देतातच असं नाही, हे निकालाच्या रात्री कळलं. मिस्टर ट्रोब्रिज आरामात निवडून आले. त्यांनी यमुनाबाईंशी हात मिळवला आणि म्हणाले, "मिसेस देवस्थळी, माईक नसताना तुम्ही जास्त धोकादायक."

घरी आल्यावर नंदा स्वयंपाकघरात बसली होती. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, तिचंही ते पहिलंच मत. ती थोडी चुळबुळली आणि म्हणाली, "आई, एक सांगू? मी तुला नाही दिला."

"काय नाही दिलं?"

"व्होट. मी दुसऱ्याला दिला."

यमुनाबाई खुर्चीत बसल्या. शशिधररावांनी सवयीनं मनगटाकडे हात नेला.

"का?"

"तुझा पत्रकात बसबद्दल काहीच नव्हता. कॉलेजची लास्ट बस सहा वाजता जाते. मी अन् माझा सगळा फ्रेंड्स स्टेशनपासून अंधारात चालते. तू टॉयलेटबद्दल एवढी भांडली, पण टॉयलेटपर्यंत पोचायचं कसं?"

"अगं, मग मला सांगायचं! घरातच तर असतेस!"

"सांगितला होता. तू बोलत होती."

यमुनाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. शशिधररावांनी असं दृश्य संसारात प्रथमच बघितलं. यमुनाबाईंना रागही येत होता आणि आतून काहीतरी छान फुलूनही येत होतं. आपल्या पोटच्या पोरीनं आपल्या तोंडावर सांगावं, की तुला नाही दिलं, आणि का नाही दिलं तेही सांगावं.

"तुझ्या एका मतानं मी काही निवडून आले नसते," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग रागावते कशाला?"

"कोण रागावलंय? ती बस कुठून कुठं जाते ते आधी नीट सांग."

नंदानं टेबलावर मिठाची आणि साखरेची बरणी मांडली, एक स्टेशन आणि एक कॉलेज, आणि मधून चमचा फिरवायला लागली. यमुनाबाईंनी हॉस्पिटल म्हणून बिस्किटांचा डबा मांडला आणि म्हणाल्या, बस हॉस्पिटलवरून का नाही नेत? नंदा म्हणाली, मग वीस मिनिटं लागेल. यमुनाबाई म्हणाल्या, नर्सेसनी काय चालत जायचं? शशिधररावांनी तिघांचा चहा केला, आणि या बाबतीत आपलंही एक मत आहे, असं ते दोनदा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी चमचा उचलला आणि साखरेच्या बरणीवरून वळवून सरळ हॉस्पिटलच्या दारात नेऊन ठेवला.